कापड मीटरने, मग निहारी कशाने?

मुंबईत बाहेर खाणे म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा दुपारी दीडच्या सुमारास मुळजी जेठा मार्केटच्या दाराशी उभे राहून पाहावे. गुमास्ते, दलाल, हमाल, हातगाडीवाले, बाहेरगावचे खरेदीदार असा सारा लोंढा त्या वेळी पोटासाठी बाहेर पडतो. यातल्या क्वचितच कोणाचे घर चालत जाण्याच्या अंतरावर असेल. कोणी मुंब्र्याचा, कोणी गोवंडीचा, कोणी नालासोपाऱ्याचा. कित्येकांचे घर बिहार नाहीतर उत्तर प्रदेशात, आणि इथे एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपणारे. तिथे चूल कुठे मांडणार? डबेवाल्यांची सोय १८९० पासून आहे, पण डबा भरायलाही घरात माणूस लागतो. हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो, कारण हल्ली वर्तमानपत्रांत हॉटेलांविषयी जे छापून येते ते शनिवारी रात्री मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्यासाठी असते. रोजच्या गिऱ्हाइकाविषयी कोणी लिहीत नाही, आणि धंदा म्हणून पाहिले तर बाजारातले हॉटेल चालते ते त्याच्याच जिवावर.

आम्ही कापडवाले. भिवंडीहून महिन्यातून सात-आठ वेळा मुंबईला जाणे होते आणि प्रत्येक फेरीत एक जेवण व तीन-चार चहा बाहेर होतातच. तीस वर्षांत या शहरातल्या बहुतेक तऱ्हांच्या हॉटेलांत बसून झाले आहे. त्यावरून आमची काही मते बनली आहेत. ती व्यापाऱ्याची मते आहेत, खवय्याची नव्हेत.

इराण्याचे हॉटेल आम्हाला आजही सर्वात सरळ दुकान वाटते. ब्रुन मस्का म्हणजे एक ब्रुन आणि त्यावर मस्का. आम्लेट दोन अंड्यांचे म्हटले की दोन अंड्यांचे. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. पण कापड बाजाराच्या आसपासचे इराण्यांचे कोपरे एकेक करून बँकांनी, औषधवाल्यांनी आणि मोबाइलवाल्यांनी घेतले. त्या संगमरवरी टेबलांवर किती गाठींचे सौदे झाले असतील याची नोंद कोणत्याही वहीत नाही. एका ‘पानी कम’ चहावर दोन माणसे तासभर बसली तरी गल्ल्यावरचा शेठ उठवत नसे, आणि दलालाला तेवढा तास पुरत असे. आता कॉफीच्या नव्या दुकानांतही तासभर बसू देतात, मात्र त्या तासाचे भाडे कॉफीच्या किमतीत अगोदरच धरलेले असते. धंद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. फक्त त्याला कॉफी का म्हणायचे, एवढेच आम्हाला कळत नाही.

माटुंग्याला रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचे. ‘गोश्त खाणाऱ्याने तिथे कशाला जावे?’ असे आमचे दोस्त विचारतात. आमचे उत्तर, हिशोब पाहायला जावे. ठरलेल्या ताटाचा एक दर, पोटभर जेवणाचा दुसरा. ज्याला जे परवडते ते त्याने घ्यावे. आत जाण्यापूर्वीच माणसाला कळते की किती पैशांत काय मिळणार.

आणि आपली हॉटेले? चवीच्या बाबतीत या शहरात त्यांना तोड नाही, हे आम्ही पक्षपात न करता म्हणतो. थोडा पक्षपात असेलही. भेंडी बाजारचे नूर मोहम्मदी शंभरी ओलांडून गेले. बारा हंडीवाल्यांच्या दुकानात पहाटे जाऊन पाहा. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या हंड्या, कशात पाये, कशात नळी, कशात पिचोटा, आणि बाजूच्या तंदुरातून निघणारी खमिरी रोटी. फजरची नमाज आटोपून आलेला बुजुर्ग आणि रातपाळी संपवून आलेला कारागीर एकाच बाकावर बसतात. कोणी कोणाला सरकून बस म्हणत नाही. ही गोष्ट कुठल्याही चकचकीत हॉटेलात पैसे देऊन मिळणार नाही. फॅमिली रूमविषयी मात्र चांगले बोलवत नाही. लग्नाच्या खरेदीला आलेल्या आमच्या मायबहिणींना अरुंद जिना चढवून ज्या पोटमाळ्यावर बसवतात तिथे पंखा असतो, वारा नसतो.

पण आमचा खरा सवाल वेगळाच आहे. तो मापाचा.

आमच्या दुकानात मीटरपट्टी असते. तिच्यावर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असावा लागतो आणि ठरल्या मुदतीत पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. निरीक्षक केव्हाही दारात उभा राहू शकतो. १९५६ च्या कायद्याने गज जाऊन मीटर आला, तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीतले व्यापारी कुरकुरले असतील, पण मोजायचे नाही असे कोणी म्हटले नाही. थानावर लांबी लिहिलेली असते, पन्हा लिहिलेला असतो. कापड ओढून मोजणारा दुकानदार दोन-चार गिऱ्हाइकांना फसवील, पाचव्या वेळी बाजारात त्याचे नाव होते, आणि ते नाव धुऊन निघत नाही.

आता हॉटेलात या. हाफ बिर्याणी, फुल बिर्याणी. सिंगल, डबल. एक प्लेट खिमा. हाफ म्हणजे कशाचा हाफ? फुलचा. आणि फुल म्हणजे किती? ते भटारखान्यात जो वाढतो त्याच्या मनगटावर. बोट्या तीन की चार, नळी येणार की नुसता रस्सा, हे गिऱ्हाइकाला ताट समोर आल्यावर कळते आणि तोवर सौदा झालेला असतो. माल पाहण्याआधी सौदा पक्का आणि माप ठरलेच नाही, असा व्यवहार आम्ही कापडात करू लागलो तर दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळे लागेल.

कायद्याचे म्हणाल तर तो इथे सैल आहे. बंद पाकिटावर वजन छापणे सक्तीचे आहे, पण २०११ च्या नियमांत हॉटेलवाल्याने बांधून दिलेल्या तयार खाण्याला त्यातून सूट आहे. २०१७ साली तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हा विषय काढला होता. माणूस दोन कोळंबी खाणारा असेल तर त्याच्यापुढे सहा कशाला ठेवायच्या, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा रोख अन्न वाया जाण्यावर होता, आमचा रोख कमी मिळण्यावर आहे. पण इलाज एकच, किती देणार ते आधी सांगा. त्यातून सक्तीचा कायदा काही निघाला नाही. पुढे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आला आणि जुलै २०२२ पासून दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना एका वाढपाचे प्रमाण आणि त्यातल्या कॅलरी लिहिणे भाग पडले. म्हणजे परदेशी नावाचा बर्गरवाला आपल्या फलकावर सांगतो की एका वाढपात किती देतो. आणि आपला हॉटेलवाला, ज्याच्या गल्ल्यामागे रिज्क आणि बरकतीच्या आयती सोनेरी चौकटीत टांगलेल्या असतात, तो सांगत नाही. कुरआन शरीफमधली त्र्याऐंशीवी सूरह मुतफ्फिफीन. तिचे नावच माप कमी देणाऱ्यांवरून पडलेले आहे. ती फक्त तागडीवाल्या वाण्यासाठी आहे आणि देगवाल्यासाठी नाही, असे कोणा मौलवीसाहेबांकडून आमच्या ऐकण्यात नाही.

रमजानमध्ये हा सवाल जास्त बोचतो. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास त्या महिन्यात साऱ्या शहरातून लोक येतात. हिंदू, ख्रिस्ती, पारशी, कॉलेजची मुले, कॅमेरे घेतलेली मंडळी. हे आम्हाला मनापासून आवडते. एकमेकांच्या मोहल्ल्यात जाण्याची सवय ज्या शहरात उरली नाही तिथे खाण्याच्या निमित्ताने का होईना, लोक येतात हे थोडे नाही. परंतु त्या एका महिन्याच्या गर्दीसाठी अकरा महिन्यांच्या गिऱ्हाइकाला काय वागणूक मिळते तेही पाहा. मदनपुऱ्यातला बॅगांच्या कारखान्यातला मुलगा दिवसभर रोज्याने मशीनवर बसतो. मगरिबला खजूर तोंडात टाकून तो नेहमीच्या हॉटेलात येतो तर त्याच्या बाकावर जागा नसते, त्याच्या नेहमीच्या दालगोश्तचे नाव फलकावरून उतरलेले असते आणि जे आहे त्याचा दर वाढलेला असतो.

एका हॉटेलचा अनुभव सांगतो, नाव लिहीत नाही. शाबानमध्ये आम्ही तिथे जी फुल प्लेट घेतली होती तीच रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मागवली. दर वाढला होता, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. पण बोट्या निम्म्या. आम्ही वेटरला विचारले, ‘भाई, ये फुल है?’ तो बिचारा खालच्या आवाजात म्हणाला, ‘चाचा, ये रमजान का फुल है.’ आम्ही हसलो, तोही हसला. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. रमजानचा मीटर वेगळा आणि शव्वालचा मीटर वेगळा, असे कापडात कोणी ऐकले आहे काय?

त्याच रस्त्यावर मातीच्या वाटीत फिरनी मिळते ती पाहा. वाटी सगळ्यांना सारखी, काठोकाठ भरलेली, दर एक. गरीब घेवो, मोटारवाला घेवो. फिरनीवाल्याला जे जमते ते निहारीवाल्याला का जमू नये?

याहून नाजूक बाब माहीमची आहे. मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात काही हॉटेलांबाहेर गरीब माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा आत जाऊन चार माणसांचे, दहा माणसांचे पैसे भरतो आणि तेवढ्यांना आत किंवा बाहेर जेवण मिळते. भेंडी बाजाराच्या बाजूलाही अशी हॉटेले आहेत. सदका-खैरातीची ही रीत मुंबईची शान आहे. भुकेल्याला नाव-गाव-धर्म कोणी विचारत नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने हा सौदा पाहा. पैसे देणारा जेवत नाही, तो पैसे टाकून टॅक्सीत बसतो. जेवणारा तक्रार करू शकत नाही, केली तर उद्या ओळीत जागा मिळेल न मिळेल. अशा सौद्यात मापाला साक्षीदारच नाही, सारा भार एकट्या विकणाऱ्याच्या इमानावर. दहा माणसांच्या पैशांत दहा पोटे भरतात की पळी हलकी होते, हे फक्त मालकाला आणि अल्लाहला माहीत. सगळे कमी देतात असा आरोप आम्ही मुळीच करत नाही. सढळ हाताने वाढणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. आमचे म्हणणे इतकेच की एका माणसाच्या पैशांत किती रोट्या, किती सालन, हे बाहेर ठळक अक्षरांत लिहा. मग देणाऱ्यालाही कळेल आणि बसलेल्यालाही.

रोजच्या गिऱ्हाइकाला सांभाळणे म्हणजे काय, हे आमच्या भिवंडीत पाहायला मिळते. लूमवर काम करणारे परप्रांतीय कामगार भिशीत जेवतात. पैशांची भिशी नव्हे, जेवणाची. महिन्याचा दर ठरलेला, दोन वेळचे जेवण, वहीत नाव. डाळ पातळ झाली तर एकटा-दुकटा भांडत बसत नाही, कारखान्याचा कारखाना दुसऱ्या भिशीत जातो. म्हणून भिशीवाला डाळ पातळ करताना दहा वेळा विचार करतो. २०२० च्या टाळेबंदीत लूम थांबले, भिशा थांबल्या, आणि कामगार गावाकडे चालत सुटले. जेवणाची सोय हीच त्यांची मुंबई-भिवंडी होती, हे तेव्हा सगळ्यांना दिसले.

गिरणगावातली खानावळही याच जातीची. घरातली बाई पंधरा-वीस गिरणी कामगारांना जेवू घाले आणि पगार झाला की पैसे घेई. अशा बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार बंद झाले, तेव्हा कामगारांच्या जेवणाची उधारी या बायकांच्या अंगावर आली. आमच्या कापडाच्या धंद्यातली मोठमोठी उधारी बुडाल्याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. खानावळवालीची बुडालेली उधारी कोण सांगतो?

आता हॉटेलवाल्याची बाजू. ती आम्ही नाकारत नाही, कारण आम्हीही दुकानदार आहोत. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. निहारी-कबाबवाल्यांना पूर्णपणे म्हशीच्या मांसावर यावे लागले आणि त्याच्या खरेदीचे गणित बदलले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅसवर किंवा विजेवर जाण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, त्यात पाववाले आले आणि तंदूरवालेही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलांवर जीएसटी पाच टक्के झाला खरा, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. घरपोच नेणाऱ्या मोबाइल कंपन्यांचे कमिशन वेगळे. हे सारे मान्य. मग दर वाढवा! दर वाढवणे गुन्हा नाही. सूत महागले की आम्हीही दर वाढवतो, पन्हा कमी करत नाही. (करणारे आहेत, त्यांना बाजार ओळखून आहे.) दर वाढला की गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरते आणि येते, न परवडले तर हाफ घेते. ताट गुपचूप लहान झाले की ते बोलत नाही, आणि पुढच्या महिन्यात दिसतही नाही.

बिलाविषयी दोन शब्द, कारण आमचे बरेच वाचक बिल न वाचता पैसे देतात. छोटे हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्याला बिलावर लिहावे लागते. ते लिहिले आहे आणि खाली जीएसटीही लावला आहे, असे बिल दिसले तर नम्रपणे विचारा. दुसरे, सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आपल्या मोहल्ल्यातल्या हॉटेलांत हा प्रकार फारसा नाहीच, तो एसीवाल्यांचा. आम्ही स्वतः वेटरच्या हातात देतो. बडीशेपेच्या बशीत टाकलेले पैसे त्याच्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे हॉटेलागणिक वेगळे.

तर हॉटेलवाल्या बंधूंनो, आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोलत बसा असे आम्ही म्हणत नाही. हंडीतला प्रत्येक तुकडा सारखा निघत नाही, हे आम्हालाही कळते. पण बोट्यांची संख्या लिहिता येते. सालनासाठी एकाच मापाची पळी ठेवता येते, हाफला एक, फुलला दोन. बिर्याणीचा भात एका ठरलेल्या भांड्याने काढता येतो. मोठ्या कार्यातले आपले भटारी इतके तांदूळ, इतके गोश्त, इतकी माणसे हा हिशोब बोटांवर सांगतात. म्हणजे विद्या घरात आहेच, ती फलकावर आणायची बाकी आहे. आणि हे आधी रोजच्या जेवणापासून सुरू व्हावे. दालगोश्त, खिमा, दाल-चावल. शाही नावांच्या पदार्थांचे नंतर पाहू, ते खाणाऱ्याला माप विचारण्याची गरज सहसा पडत नाही.

रजबच्या अखेरीस आपल्या हॉटेलवाल्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात एकदा एकत्र बसावे. मशिदीच्या ट्रस्टींनी बोलावले तर नाही कोण म्हणेल? शाबानमध्ये जे माप फलकावर लिहिले जाईल तेच रमजानभर चालेल, दर काय वाढवायचा तो वाढवून घ्या, एवढे एकच कलम ठरले तरी आम्हाला पुरे आहे. पेंटरही त्या दिवसांत रिकामे असतात. ईदच्या जाहिरातींचे काम त्यांना पुढच्या महिन्यात सुरू होते.